अंबाडा, बुचडा आणि आपली आळशी समीक्षा

१९५०-६०च्या दशकांतील मराठी कथा शिकवताना 'अंबाडा' हा शब्द आला की त्यापुढे 'परंपरेचे प्रतीक' असे लिहून मोकळे होण्याची सवय आपल्या वर्गांना जडली आहे. नऊवारी, अंबाडा, गजरा, झाली परंपरा! उलट नायिकेने फ्रेंच रोल घातला की ती आधुनिक. इतके स्वस्त वाचन कपड्यालत्त्यांच्या जाहिरातीलाही शोभणार नाही.

परंपरा, पण कोणाची? ब्राह्मण आणि तत्सम घरांतील विधवेला परंपरेने केसच ठेवू दिले नव्हते. जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, तिच्यात विधवेच्या या विटंबनेविषयीचा संताप आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले. एवढा इतिहास पाठीशी असताना १९५५च्या सुमाराच्या एखाद्या कथेतील विधवा शिक्षिकेच्या मानेवर अंबाडा दिसला, तर तो परंपरा मोडल्याचा पुरावा ठरतो. आपण नेमके उलटे शिकवतो.

दुसरी गफलत वर्गाची आणि श्रमाची आहे. आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख (जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, त्याआधी तो औरंगाबाद आणि परभणीत विभागलेला होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात) मुख्यतः शेतीचा. भोकरदन-अंबडकडच्या रानात राबणाऱ्या बाईचा तो बुचडा; केस पिळून, गुंडाळून मानेशी मारलेली गाठ. ती मानेशीच का? टाळूवर चुंबळ ठेवायची असते आणि चुंबळीवर घागर, नाहीतर कडब्याचा भारा. डोक्याचा माथा हा तिच्यासाठी कामाचा भाग, सजावटीचा नव्हे. १९६० साली शिकागोच्या मार्गारेट हेल्ट यांनी माथ्यावर उंच चढवलेली 'बीहाइव्ह' ही केशरचना घडवली, त्याच दशकात आपल्या पडद्यावरच्या नायिकाही तसे उंच केस मिरवू लागल्या. पोळ्याचे नाव तिकडे, घरट्याचे नाव (खोपा) इकडे. हे साम्य गमतीचे खरे. पण त्या उंचीचा अर्थ 'पाश्चात्त्य प्रभाव' एवढाच नाही. जिला डोक्यावरून काही वाहावे लागत नाही, तिचेच केस माथ्यावर चढू शकतात.

म्हणूनच एखाद्या ग्रामीण कथेच्या तळटीपेत 'बुचडा : अंबाडा' असा अर्थ दिलेला दिसतो तेव्हा चीड येते. लेखकाने नेमका शब्द निवडलेला असतो. टीपकार त्यातला भारा उतरवून गजरा माळतो. आणि इंग्रजी अनुवादांत अनेकदा अंबाडा, खोपा, बुचडा हे तिन्ही एकाच 'बन'मध्ये कोंबले जातात, आणि आपण तेच अनुवाद तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.