आज्याची बंदूक

स्वभावाला औषध नसते, असे आपण म्हणतो. छंदाचे त्याहून कठीण. त्याला औषध नाही आणि पथ्यही नाही. टपालाची तिकिटे, मोडीत निघालेली नाणी, आगपेट्यांवरची चित्रे. माणूस काय जमवील याचा नेम नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवता जमवता एक अख्खे संग्रहालय उभे केले. ते आपण कौतुकाने पाहतो. पण वाड्यातली बिऱ्हाडे सांभाळून ज्यांनी त्या अडकित्त्यांना जागा करून दिली असेल, त्या घरच्या मंडळींचे कौतुक मला अंमळ अधिकच वाटते.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र या छंदिष्टांची एक जात अशी आहे, की तिच्यापुढे अडकित्तेवाले अगदी संत ठरावेत. ही मंडळी जुन्या लष्करी बंदुका जमवतात, आणि त्यातही लपून बसून एकाच गोळीत काम भागवणाऱ्या नेमबाजांच्या. दुसऱ्या महायुद्धातली 'नंबर ४ टी' नावाची इंग्रजी रायफल हे त्यांचे आराध्यदैवत. कारखान्यात तयार झालेल्या हजारो रायफलींमधून ज्यांचा नेम चाचणीत विशेष चोख उतरे तेवढ्याच वेगळ्या काढीत, आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुकांच्या नामांकित पेढीकडे पाठवीत. तेथे दस्त्यावर गाल टेकायला एक लाकडी उशी बसे आणि वर एक दुर्बीण चढे. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत त्या पेढीने अशा हजारो रायफली सजवल्या. दुर्बीण म्हटली की आपल्याला वाटते, पलीकडच्या डोंगरावरची मुंगीही दिसत असेल. प्रत्यक्षात ती वस्तू तिप्पटच मोठी दाखवी, आणि मुळात ती योजली होती दुसऱ्याच एका बंदुकीसाठी, ब्रेन गनसाठी.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक दुर्बीण एकेका रायफलीशी जुळवून घेतलेली असे, म्हणून दुर्बिणीचा क्रमांक त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकीत. युद्ध संपले, सामान विकले गेले, रायफल एका गावी गेली, दुर्बीण दुसऱ्या गावी. आता हे संग्राहक जन्मभर ती ताटातूट मिटवत बसतात. क्रमांक जुळलेली जोडी सापडली की किंमत कुठल्या कुठे जाते. ज्यांना ती परवडत नाही ते साध्या रायफलीवर हुबेहूब तशीच उशी, तशीच बैठक आणि नव्याने घडवलेली तशीच दुर्बीण चढवून नक्कल तयार करतात. स्क्रू कुठल्या धाटणीचा होता यावरून त्यांच्यात भांडणे होतात. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवरून विद्वान भांडतात, त्यातलाच हा प्रकार. मी त्यांना हसत नाही. पोथीचे हरवलेले पान शोधणाऱ्या माणसाला बंदुकीची हरवलेली दुर्बीण शोधणाऱ्याला हसण्याचा अधिकार नाही.

काही जण नुसती काडतुसे जमवतात. उडवण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी! काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरे आणि सालाचे आकडे कोरलेले असतात. त्यांत 'के. एफ.' ही अक्षरे दिसली की कुठल्याशा परदेशी गावातला गृहस्थ मान डोलावून म्हणतो, "हे खडकीचे." आपल्या पुण्याजवळची खडकी! तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. पुण्याचे लोक खडकी म्हटले की लोकलगाडी आठवतात. साता समुद्रापलीकडे ती काडतुसाच्या बुडावर वाचली जाते.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे लोखंडापेक्षा शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते. काडतूस हा शब्दच पाहा. तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पिस्तूलही त्यांचेच. गारदी फ्रेंचांकडून, फलटण इंग्रजांकडून. दारूगोळ्याच्या कोठारात सगळ्या जगाची भाषा नांदते. आणि ज्याला वर्तमानपत्रे हल्ली सर्रास 'स्नायपर' म्हणतात, तो शब्द तर मूळचा पाखराचा. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. दलदलीत दबून बसणारा आणि उठला की नागमोडी उडणारा हा पक्षी टिपणे फार अवघड. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले कंपनीचे गोरे अंमलदार फावल्या वेळात पाणलाव्यांच्या मागे लागत आणि घरी पत्रांतून त्याची वर्णने पाठवीत. पाखरू टिपणारा तो 'स्नायपर', आणि पुढे माणूस टिपणाराही तोच. आमच्या मराठीने मात्र पाणलाव्याच्या वाटेला न जाता 'नेम' हा एकच शब्द धरून ठेवला. नेम धरायचा तो बंदुकीचा, आणि एकादशीचा नेम धरायचा तोही नेमच.

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशचे. वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. लांब पल्ल्याच्या बंदुकीची हौस आपल्याकडे जुनी आहे. किल्ल्याच्या तटावर टेकवून डागायच्या लांबलचक, जड तोड्याच्या बंदुकांना आपले लोक 'जेजाला' म्हणत. एका माणसाला ती वस्तू उचलून धावता येत नसे, पण साध्या पलटणी बंदुकीच्या गोळीपेक्षा तिची गोळी लांब जाई. १८०३ साली वेलस्ली आपल्या वऱ्हाडात आला तेव्हा त्याच्या शिपायांच्या हाती जी बंदूक होती, तिचा भरवसा शंभर पावलांच्या फारसा पलीकडे नव्हता. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. स्टीव्हन्सनच्या लोकांनी मेळघाटातून वाट काढीत तोफा हातांनी ओढून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, तेव्हा कुठे तटाला खिंडार पडले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पुढे दोनच दिवसांनी देवगावचा तह. सहलीला गेलेली कॉलेजची मुले गाविलगडावरच्या तोफांवर बसून छायाचित्रे काढतात, नरनाळ्याच्या नवगजी तोफेवरही काढतात. तोफ काही म्हणत नाही. तिचा कान केव्हाच बंद झालेला असतो.

कान म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी सांगायला हवे. जुन्या तोफेला किंवा बंदुकीला बुडाशी एक बारीक भोक असते. त्यातून विस्तव आतल्या दारूला पोचतो. तो तिचा कान. शत्रूच्या हाती तोफ जाणार असे दिसले की त्या कानात खिळा ठोकून ती निकामी करीत. हा 'निकामी' शब्द लक्षात असू द्या.

आपल्याकडे तो परदेशी छंद रुजणे शक्य नाही, कारण आपला कायदा. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. त्याविरुद्ध सुरुवातीची काँग्रेस वर्षानुवर्षे ठराव करीत असे. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला. त्यातही 'थ्री नॉट थ्री'सारखी लष्करी मापाची रायफल सामान्य माणसाला वर्ज्यच राहिली. म्हणून तर शिकाऱ्यांसाठी ३१५ ची वेगळी काढावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. हे सारे मला ठीक वाटते. घरोघरी बंदुका असलेल्या देशांच्या बातम्या रोज वाचतो आपण. परंतु कायद्याच्या या भिंतीत एक छोटीशी खिडकी आहे. जुन्या घाटाची, किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली बंदूक, जी दुरुस्त करूनही उडू शकणार नाही, तिला परवान्याची गरज नाही. या खिडकीपाशी मी गेले सहा महिने उभा आहे. माझ्यासाठी नव्हे, एका विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी.

हे गृहस्थ अकोटकडचे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. उत्तरपत्रिका तपासायला मी अकोल्याला गेलो की मुक्काम त्यांच्याकडे. यांच्या आज्याची एक ठासणीची बंदूक. आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठासायचे, मग टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एवढे होईपर्यंत रानडुक्कर थांबत असेल का, असे मी विचारले, तर म्हणाले, "थांबत नसे, सर. पन आवाजानं दुसऱ्या दिवशी येत नसे." परवाना पीकसंरक्षणाचा. रोही आणि डुकरे यांच्यापासून तुरीचे, हरभऱ्याचे वावर राखायचे, एवढेच तिचे काम. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. आजा गेला, परवाना वडिलांच्या नावे झाला. चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि बंदूक ठाण्यात गेली ती तिथेच आहे.

दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होत असे. पहिल्या वर्षी पाट रिकामा राहिला. म्हातारीने, म्हणजे त्यांच्या आईने, त्यावर नुसतेच हळदकुंकू वाहिले. ते पाहवले नाही म्हणून यांनी गावच्या सुताराकडून सागवानाची एक बंदूक करून घेतली. अगदी भरीव, नळीला भोक नाही. नमुना म्हणून आज्याचा एक फोटो होता, मांडीवर बंदूक घेऊन बसलेला. सुताराने इमानाने नक्कल केली, आणि पूजेच्या दिवशी लक्षात आले की घोडा डाव्या अंगाला आहे. फोटोवाल्याने काच उलटी धरून छापला होता. आज्याच्या बंडीचे बंदही उलट्या बाजूला आहेत. बदलून का घेतला नाही, असे मी विचारले. "फोटोतल्या आज्यापाशी आहे, तशीच आहे ते," असे उत्तर आले. परदेशातल्या त्या स्क्रूवरून भांडणाऱ्या मंडळींना हे कळवले पाहिजे.

पण लाकडाने म्हातारीचे समाधान झाले नाही, आणि तिचे आता नव्वदावे सरत आले आहे. धाकटे भाऊ पुण्याला. ते म्हणतात, सरकारजमा करून मोकळे व्हा. परवाना नावावर करून घ्यायचा तर यांना आता माशी आणि पाखरू यांतला फरक दिसत नाही. राहिली ती खिडकी. पण बंदूक धडधाकट आहे! म्हणजे आधी परवानाधारक कारागिराकडून तिची नळी आणि कान बुजवून घ्यायचे, तपासणी व्हायची, आणि मग 'निकामी' म्हणून ती घरी यायची. त्या अर्जाचा मसुदा करायला त्यांनी मला बसवले, आणि तो शब्द आला तसा हात धरला.

"सर, तुमी मराठीचे मास्तर. आमच्या बुढ्यानं जिच्यावर सारं वावर राखलं, तिले मी माह्या सहीनं निकामी कसं म्हनू?"

मी शब्द सुचवू लागलो. 'बंद', 'मूक', 'वापराबाहेर'. 'सेवानिवृत्त' म्हटल्यावर ते प्रथमच हसले. "मंग पेन्शन मांगन ते!" पण कायद्याला शब्दांची श्रीमंती चालत नाही, बंदूक उडणार नाही, हे त्याला स्वच्छ लिहून हवे असते. आतून म्हातारी सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "लिव्ह बापा काय लिव्हाचं ते. मीबी निकामीच हावो, पन घरात हावो ना?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. अर्ज मी पुरा केला. शब्द तोच ठेवला. सही करण्यापूर्वी त्यांनी खाली एक ओळ मात्र माझ्याकडून वाढवून घेतली: नळी आणि कान बुजवण्याच्या दिवशी अर्जदारास समक्ष हजर राहू द्यावे. कोजागिरीच्या आदल्या दिवशी अर्ज गेला. उत्तर अजून यायचे आहे.