पंधरा टक्क्यांच्या आतली चोपण

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे येऊरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी पाया खणला की थोड्याच खोलीवर मुरूम आणि मग कातळ लागतो. खाडीच्या अंगाला गेलं की मशीन चिखलातच रुतत जातं. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात बेसॉल्टचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. भूशास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्यामुळे इथला बोअरवाला आधी विचारतो, खाली काय आहे? शेतीची माती तपासणारे आपण हा प्रश्न सहसा विचारत नाही. पिशवी आली, सामू काढला, क्षार मोजले, छापील शिफारस जोडली.

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात ही सवय महागात पडते. सातपुड्याच्या पायथ्याने गाविलगड भ्रंश गेला आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि तो खड्डा नदीने गाळाने भरला. काही ठिकाणी तो गाळ 300 मीटरहून जाड आहे. डोंगरालगत गोटे-वाळूचा भरड थर, त्यात पाणी मुरतं. म्हणून अंजनगाव सुर्जीला पानमळे, अचलपूर-अकोटकडे संत्री. तिथून दक्षिणेला दर्यापूरकडे निघा, तासाभरात बागा संपतात. विहिरीचं पाणी खारं, रान कोरडवाहू, कपाशी, तूर, हरभरा. हाच खारपाणपट्टा.

सगळा दोष भ्रंशावर टाकणंही बरोबर नाही. भ्रंशाने सपाट, निचरा न होणारी ताटली दिली. पुढचं काम हवेने केलं. कमी पाऊस आणि कडक ऊन यांत कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, सोडियम चिकणमातीला धरून राहतं. माती विरघळल्यासारखी सुटते आणि तिची छिद्रं बुजतात.

खरी अडचण आपल्या कोष्टकात आहे. विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेलं तरच जमीन चोपण, ही मर्यादा अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या 1954च्या पुस्तिकेतून आली. पूर्णेच्या काळ्या, फुगणाऱ्या जमिनींवरच्या अभ्यासांत मात्र पाच टक्क्यांपासूनच पाण्याची वाट आवळताना दिसली. म्हणजे आपण ‘चोपण नाही’ असा शिक्का मारतो त्या जमिनीत शेतकऱ्याचं पाणी आधीच तुंबलेलं असतं. उलट दुसरीकडे, जिप्समची शिफारस आपण फार सहज लिहितो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीपासून सोडवतं खरं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायचं कुठे? उताराशिवाय आणि चरांशिवाय ते तिथेच घुटमळतं, आणि धुवून काढायला विहिरीचं खारं पाणी चालत नाही, पावसाचंच लागतं.

म्हणून नमुन्याच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवावेत, असं आम्हाला वाटतं. पहिला, शेत डोंगरापासून किती लांब आणि नदीकडे उतार किती. दुसरा शेतकऱ्यालाच विचारून भरायचा. मोठ्या पावसानंतर वाफसा यायला किती दिवस लागतात? शेजारच्या भरड रानात औत चालू झालं आणि याच्या रानात अजून पाय रुततोय, तर सोडियमचा आकडा सातच टक्के असला तरी नमुना बाजूला काढून पाणी झिरपण्याची चाचणी लावा.