स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद झाल्यास इमारतीला तत्काळ कळावे : रहिवासी, गृहनिर्माण संस्था आणि भोगवटादार यांना जाहीर आवाहन

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नागपूर आणि राज्यातील अन्य शहरांमधील उंच इमारतींचे रहिवासी, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापकीय समित्या, तसेच मॉल, रुग्णालये, वसतिगृहे, कार्यालये व गोदामे यांचे मालक आणि भोगवटादार यांना आवाहन करण्यात येत आहे की, आपल्या इमारतीतील स्प्रिंकलर यंत्रणेच्या प्रत्येक नियंत्रण-व्हॉल्व्हवर देखरेख-स्विच, म्हणजे बाजारात ज्याला टॅम्पर स्विच म्हणतात ते उपकरण, बसवून घ्यावे. ते आधीच बसवलेले असल्यास फायर पॅनलशी, म्हणजे आगीचे इशारे दाखवणाऱ्या नियंत्रण-पेटीशी, खरोखर जोडलेले आहे की नाही हे तपासावे. आणि त्याचा संकेत आल्यावर कोणी, किती वेळात, काय करावयाचे हे लेखी ठरवून ठेवावे.

स्प्रिंकलर यंत्रणेचे बळ तिच्या साधेपणात आहे. छताजवळून जाणाऱ्या नळांमध्ये दाबाखालचे पाणी सदैव भरलेले असते आणि ठरावीक अंतरावर बसवलेल्या प्रत्येक स्प्रिंकलर हेडचे तोंड द्रवाने भरलेल्या काचेच्या लहानशा कुपीने रोखून धरलेले असते. खालची हवा तापली की द्रव प्रसरण पावतो, कुपी फुटते आणि नेमक्या त्याच ठिकाणी पाण्याचा फवारा सुरू होतो. सर्वसाधारण वापरातील लाल कुपी ६८ अंश सेल्सिअस तापमानाची असते. चित्रपटांत दिसते तसे सगळ्या मजल्यावर एकाच वेळी पाणी पडत नाही. आगीच्या उष्णतेने जेवढी हेड उघडतात तेवढीच पाणी सोडतात. या सगळ्या क्रियेला माणसाच्या हाताची किंवा विजेच्या आदेशाची गरज लागत नाही. परंतु हे पाणी छतापर्यंत पोहोचते ते टाकी, पंपघर, उभा मुख्य नळ म्हणजे राइजर आणि प्रत्येक मजल्याच्या डक्टमधील व्हॉल्व्ह या मार्गाने, आणि त्या मार्गावरील एकही व्हॉल्व्ह बंद असेल तर त्याच्या पुढचा सारा भाग पाण्याविना राहतो. अशा मजल्यावर आग लागल्यास कुपी ठरल्याप्रमाणे फुटते, नळात अडकून राहिलेले थोडे पाणी गळते आणि त्यानंतर काहीही होत नाही.

व्हॉल्व्ह बंद होण्यामागे बहुतेक वेळा कोणाचा दुष्ट हेतू नसतो. सदनिकेत अंतर्गत सजावटीचे काम निघते, नवे फॉल्स सीलिंग येते, त्यानुसार हेड खाली किंवा बाजूला घ्यावे लागते, म्हणून कारागीर मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामा करतो, आणि काम दोन-तीन दिवस लांबले की उघडण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. कोठे हेडला गळती लागते. कोठे नळातील बारीक गळतीमुळे दाब कायम राखणारा जॉकी पंप वारंवार चालू होतो आणि त्याचा आवाज व वीजबिल टाळण्यासाठी कोणीतरी ‘तात्पुरता’ म्हणून व्हॉल्व्ह फिरवतो. बंद राहिलेला व्हॉल्व्ह त्यानंतर स्वतःची कोणतीही खूण देत नाही. पंपघरातील दाबमापक पूर्ण दाब दाखवतो, कारण तो व्हॉल्व्हच्या अलीकडे असतो. व्हॉल्व्हच्या पलीकडील मापकदेखील नळात कोंडलेल्या पाण्यामुळे बराच काळ समाधानकारक आकडा दाखवू शकतो. छतावरची हेड जशीच्या तशी दिसतात, लॉबीतील फलकावर यंत्रणा असल्याची नोंद असते, आणि रहिवाशांचा विश्वास तसाच टिकून राहतो. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह तर अधिकच फसवा ठरतो, कारण तो एखाद्या हेडपुरते पाणी देतो, पण चार-पाच हेड एकदम उघडली की दाब कोसळतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, म्हणजे एनएफपीए, या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१० ते २०१४ या काळातील आगींचा अभ्यास केला असता, स्प्रिंकलर सुरू होण्याइतक्या मोठ्या आगींपैकी ९२ टक्के आगींत ते सुरू झाल्याचे आढळले. मात्र जेथे ते सुरूच झाले नाहीत, तेथील सुमारे ५९ टक्के घटनांत यंत्रणा आगीपूर्वीच बंद करून ठेवलेली होती. यंत्रणा निकामी ठरण्याचे सर्वांत मोठे कारण गंजलेला नळ किंवा सदोष हेड हे नसून, बंद करून ठेवलेला पाणीपुरवठा हे आहे, असा याचा अर्थ होतो.

अमेरिकेतीलच दोन आगी शेजारी ठेवून पाहिल्या तर हा फरक स्पष्ट होतो. लॉस एंजेलिस येथील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत ४ मे १९८८ च्या रात्री बाराव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा इमारतीत स्प्रिंकलर बसवण्याचे काम सुमारे ९० टक्के पूर्ण झाले होते. परंतु संपूर्ण काम झाल्यावर आणि इशारा-यंत्रणेची जोडणी झाल्यावरच पाणी सोडावे असे ठरल्यामुळे तयार मजल्यांचे व्हॉल्व्हही बंद ठेवण्यात आले होते. आग सोळाव्या मजल्यापर्यंत चढली आणि इमारतीच्या देखभाल विभागातील एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. याउलट फिलाडेल्फियातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा या इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी बाविसाव्या मजल्यावर भडकलेल्या आगीने तीन अग्निशामक जवानांचा बळी घेतला आणि अखेर इमारतीत शिरून आग विझवण्याचे प्रयत्न थांबवून जवानांना बाहेर काढावे लागले. तरीही ती आग तिसाव्या मजल्यावर अडली, कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते आणि त्यांना पाणी मिळत होते. तेथे उघडलेली अवघी दहा हेड पुरेशी ठरली. पहिल्या इमारतीत नळ आणि हेड बसवलेले असूनही उपयोगी पडले नाहीत, आणि दुसऱ्या इमारतीत एका मजल्यावरील उघड्या व्हॉल्व्हमुळे वरचे मजले वाचले.

देखरेख-स्विचची रचना समजण्यास अवघड नाही. ज्या व्हॉल्व्हचा आटे पाडलेला दांडा चाक फिरवल्यावर बाहेर येतो किंवा आत जातो, अशा गेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक उथळ खाच पाडतात आणि स्विचची लहान दांडी त्या खाचेत टेकवून ठेवतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेपर्यंत ती खाचेत राहते, आणि चाक फिरू लागताच ती खाचेबाहेर ढकलली जाऊन विजेचा संपर्क बदलतो. मजल्यांच्या डक्टमध्ये सर्रास दिसणाऱ्या बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ज्यात गोल तबकडी वळून मार्ग उघडते अशा व्हॉल्व्हमध्ये, हा स्विच गिअरच्या पेटीतच बसवलेला मिळतो. व्हॉल्व्हचे चाक दोन फेरे फिरण्याच्या आत, किंवा त्याचा दांडा एकूण अंतराच्या एक पंचमांश सरकण्याच्या आत संकेत मिळाला पाहिजे, अशी अट एनएफपीएच्या ७२ क्रमांकाच्या मानकात आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होण्याची वाट न पाहता तो हलू लागताच खबर मिळावी, हा या अटीचा उद्देश आहे.

ही खबर कोणत्या स्वरूपात मिळते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सुसज्ज फायर पॅनल तीन प्रकारचे संकेत वेगवेगळे ठेवते : आग लागल्याचा इशारा, तार तुटणे किंवा बॅटरी उतरणे यांसारखा पॅनलच्या स्वतःच्या जोडणीतील बिघाड-संकेत, आणि अग्निसुरक्षेचा एखादा घटक सज्ज स्थितीतून हलल्याचे सांगणारा देखरेख-संकेत. व्हॉल्व्ह बंद झाल्याची बातमी या तिसऱ्या प्रकारात मोडते. ती पहिल्या प्रकारात घातली तर प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी भोंगे वाजून रहिवासी त्रासतात आणि लवकरच कोणीतरी तो संकेतच बंद करून टाकतो. दुसऱ्या प्रकारात घातली तर नेहमीच्या किरकोळ बिघाडांच्या गर्दीत ती हरवते.

या उपकरणाची मर्यादाही रहिवाशांनी ओळखली पाहिजे. स्विच व्हॉल्व्हला बंद होण्यापासून रोखत नाही आणि बंद झालेला व्हॉल्व्ह उघडतही नाही. तो केवळ कळवतो. म्हणून साखळी-कुलूप लावून व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत जखडण्याची जुनी पद्धत मोडीत काढण्याचे कारण नाही, किंबहुना दोन्ही उपाय एकत्र असणे उत्तम. तसेच स्विच बसवला पण तारा जोडल्याच नाहीत, दहा व्हॉल्व्हचे स्विच एकाच जोडणीत गुंफल्याने नेमका कोणता व्हॉल्व्ह हलला ते कळत नाही, त्रास नको म्हणून पॅनलवरून तो भाग वगळून ठेवला आहे, किंवा डक्टमधील ओलीने स्विचची पेटी गंजली आहे, यांपैकी काहीही घडले तर उपकरण असून नसल्यासारखे होते. पॅनलसमोर बसणाऱ्या सुरक्षारक्षकाला देखरेख-संकेताच्या दिव्याचा अर्थ ठाऊक नसेल आणि आवाज थांबवण्याचे बटण दाबण्यापलीकडे त्याला काही शिकवलेले नसेल, तर उत्तम जोडणीही वाया जाते.

या सर्व बाबी ध्यानात घेऊन पुढील गोष्टी करण्याचे आवाहन आहे.

१. प्रत्येक इमारतीने स्प्रिंकलरच्या पाण्याच्या मार्गावरील सर्व व्हॉल्व्हची यादी तयार करावी. टाकीपासून पंपाकडे येणारा, पंपापासून राइजरकडे जाणारा, प्रत्येक मजल्याचा आणि तळघरातील पार्किंगचा असा एकही व्हॉल्व्ह यादीतून सुटू नये; प्रत्येकाला क्रमांक द्यावा, तो कोणत्या भागाला पाणी देतो हे सांगणारी पाटी त्यावर लावावी आणि नकाशाची प्रत पंपघरात व पॅनलजवळ ठेवावी.

२. यादीतील प्रत्येक व्हॉल्व्हवर स्विच बसवण्याचे काम परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे, आणि पॅनलवर प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद स्वतंत्र नावाने दिसेल अशी जोडणी मागावी. ‘देखरेख-संकेत’ एवढीच अक्षरे दिसण्यापेक्षा ‘चौदावा मजला, ब विंग’ असे दिसणे पहाटे तीन वाजता जागे झालेल्या माणसाला अधिक उपयोगी असते. स्विच व पॅनल यांमधील तार तुटल्यास तेही पॅनलने सांगितले पाहिजे.

३. दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद करावयाचा असल्यास संस्थेची लेखी परवानगी बंधनकारक करावी. बंद व्हॉल्व्हवर दिनांक, कारण व जबाबदार व्यक्ती यांची नोंद असलेली लाल चिठ्ठी अडकवावी आणि तिची दुसरी प्रत पॅनलजवळ ठेवावी. काम लांबणार असेल तर त्या भागात फेरी मारून लक्ष ठेवणारा माणूस नेमावा. एनएफपीएच्या २५ क्रमांकाच्या मानकात २४ तासांत १० तासांहून अधिक काळ यंत्रणा बंद राहणार असल्यास अशी गस्त ठेवणे किंवा तो भाग रिकामा करणे यांसारखे पर्याय दिले आहेत.

४. सजावटीच्या कामापूर्वी सदनिकाधारकाकडून अनामत रक्कम घेण्याची प्रथा ज्या संस्थांत आहे, तेथे मजल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याची आणि पॅनलवरील संकेत मिटल्याची नोंद झाल्याशिवाय ती परत करू नये.

५. व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्यानंतर निचरा-चाचणी घ्यावी. या चाचणीत आधी स्थिर दाब नोंदवतात, मग निचऱ्याची तोटी पूर्ण उघडून पाणी वाहत असतानाचा दाब नोंदवतात. पूर्वीच्या नोंदीच्या तुलनेत दुसरा आकडा बराच उतरला असेल, तर वाटेत कोठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा अडथळा आहे असे समजावे.

६. सुरक्षारक्षकांच्या प्रत्येक पाळीला तीन संकेतांतील फरक शिकवावा, देखरेख-संकेत आल्यावर प्रथम व्हॉल्व्हजवळ माणूस पाठवून मगच आवाज थांबवावा असा नियम करावा, आणि नोंदवहीत वेळ लिहावी. रक्षक बदलले की प्रशिक्षण पुन्हा द्यावे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत सादर करावे लागते. नमुना ‘ब’ म्हणून ओळखले जाणारे हे प्रमाणपत्र अनेक ठिकाणी केवळ कागद ठरते. त्याला अर्थ यावयाचा असेल तर प्रमाणपत्रापूर्वीच्या तपासणीत प्रत्येक व्हॉल्व्ह व त्याचा स्विच यांची चाचणी असलीच पाहिजे. खर्चाचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येतो. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असल्याने त्याआधी परवानाधारक संस्थेकडून अंदाजपत्रक मागवून ते सभेच्या विषयपत्रिकेत घालावे, आणि एकदम सर्व व्हॉल्व्ह शक्य नसतील तर पंपघर व राइजर यांपासून आरंभ करून मजल्यांकडे जावे, कारण मुख्य मार्गावरील एका व्हॉल्व्हवर सगळे मजले अवलंबून असतात. मुंबई गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात बळी पडलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या सप्ताहात प्रात्यक्षिकांबरोबर व्हॉल्व्हची चाचणीही सर्व रहिवाशांसमोर घ्यावी.

ही चाचणी कोणत्याही सदस्याला तांत्रिक ज्ञानाविना मागता येते. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने यादीतील व्हॉल्व्हचे चाक दोन फेरे फिरवावे. पॅनलजवळ उभ्या असलेल्या रहिवाशांना त्याच व्हॉल्व्हचे नाव दिसले पाहिजे. चाक पूर्ववत केल्यावर ते नाव मिटले पाहिजे. आणि या दोन्ही वेळा नोंदवहीत उतरल्या पाहिजेत. ज्या व्हॉल्व्हबाबत असे घडणार नाही तो सदोष समजावा, आणि तो दुरुस्त होऊन चाचणी पुन्हा यशस्वी होईपर्यंत देखभालीचे देयक मंजूर करू नये व नमुना ‘ब’ पुढे पाठवू नये, असा ठराव प्रत्येक संस्थेने येत्या सभेत करावा, असे आग्रहाचे आवाहन आहे.