पाठीचा ताठा आणि घरची माया

कण्याची शस्त्रक्रिया पार पडून आपलें माणूस घरीं परतलें म्हणजे सर्व कुटुंबास हायसें वाटतें. टाके निघतात, जखम भरून येते, पायांत उतरणारी कळहि पुष्कळांची थांबते. परंतु आठवडे लोटले तरी पाठीचे स्नायू आखडलेलेच राहतात. सकाळीं उठतांना पाठ फळीसारखी ताठ. खालीं पडलेली वस्तु उचलावयाची तर जीव कचरतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. 'शस्त्रक्रिया फसली,' असें एक पक्ष म्हणतो. 'आतां सारें ठीक आहे, हा मनाचा खेळ,' असें दुसरा. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष बहुधा चुकतात, आणि त्या चुकीची शिक्षा रोग्याच्या पाठीस भोगावी लागते.

ताठा येतो कोठून, हें प्रथम समजून घेऊं. कण्याच्या दोन्ही बाजूंस स्नायूंच्या लहानमोठ्या पट्ट्या आहेत. पाठीमागून शस्त्रक्रिया करतांना मणक्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं शस्त्रवैद्यास त्यांपैकीं कांहीं हाडापासून सोडवून बाजूस धराव्या लागतात. त्या पुन्हां बळकट होण्यास महिने लागतात. तोंवर खोल स्नायूंचें काम वरचे मोठे स्नायू अंगावर घेतात, थकतात आणि आखडतात.

याखेरीज दुसरें कारण भीतीचें. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गांवांवर जो भूकंप कोसळला, त्याची आठवण लातूरकरांस सांगावयास नको. मोठा धक्का होऊन गेल्यावरहि कितीतरी दिवस माणसें छपराखालीं निजावयास धजत नव्हतीं. पाठीच्या स्नायूंचें असेंच होतें. दुखावलेल्या जागेचें रक्षण करणें हा देहाचा धर्म आहे. त्यांत ढोंग कसलें? मात्र धोका टळल्यावरहि पहारा उठला नाहीं, तर पहाराच पीडा होऊन बसतो.

हा पहारा उठवावयाचा कसा? नुसत्या विश्रांतीनें तो उठत नाहीं. अंथरुणावर दीर्घकाळ पडून राहण्याचे धोके लंडनचे डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनीं १९४७ सालींच वैद्यकवर्गापुढें मांडले होते. हल्लीं अनेक शस्त्रक्रियांनंतर रोग्यास त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं उभें करून चालवितात. घरीं आल्यावरहि एकदम मैलभर चालण्यापेक्षां दिवसांतून पांचसहा वेळां थोडें थोडें चालावें व हळूहळू अंतर वाढवावें. अर्ध्या तासाहून अधिक वेळ एकाच बैठकींत राहूं नये. नांदेडहून लातुरास तपासणीसाठीं मोटारीनें जावें लागलें तर वाटेंत अहमदपुरास उतरून चार पावलें टाकावींत. व्यायाम मात्र फिजिओथेरपीच्या जाणत्याकडूनच शिकावेत; शेजाऱ्यास ज्यानें गुण आला, तो आपल्या पाठीस मानवेलच असें नाहीं. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं या विद्येची शाळा निघाली; आतां हें शिक्षण लातुरांतहि मिळतें.

ऊन पाण्याच्या पिशवीनें १५ ते २० मिनिटें शेक घेतल्यास आराम वाटतो. परंतु त्वचा बधिर असेल तर भाजल्याचें कळत नाहीं, म्हणून तेथें शेक देऊं नये. जखम पूर्ण भरून वैद्याची अनुज्ञा मिळेपर्यंत तेल चोळूं नये. पाठीवर पाय देऊन तुडविणें किंवा कडकड मोडून घेणें हे प्रकार तर सर्वथा वर्ज्य समजावे. कमरेचा पट्टाहि सांगितलेल्या मुदतीपुरताच वापरावा.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. एकत्र कुटुंबांत एकाच दुखण्याचे दोन न्याय होतात. मामंजींची शस्त्रक्रिया झाली तर त्यांना पाण्याचा तांब्याहि उठून घेऊं द्यावयाचा नाहीं. जो तो धांवतो, आणि मायेपोटीं त्यांची पाठ अधिकच ताठते. तीच शस्त्रक्रिया सुनेची झाली तर महिन्याभरांत ती चुलीपुढें वांकलेली दिसते. २०१६ सालच्या टंचाईंत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलेल्या लातुरांत पाणी भरून ठेवण्याचें महत्त्व कोणास सांगावें? पण १५ लिटरांचा हंडा म्हणजे नुसतें पाणीच १५ किलो झालें. शस्त्रवैद्याची परवानगी मिळेपर्यंत तें ओझें घरांतील दुसऱ्या कोणीं उचलावें. मुलग्यांनीं उचलल्यास त्यांत कमीपणा नाहीं. मामंजींस चालूं द्यावें, सुनेस थांबूं द्यावें, आणि दोघांसहि जेवावयास पाटाऐवजीं खुर्ची द्यावी.

सर्वच ताठा मात्र या जातीचा नसतो. मज्जारज्जूसच इजा झाली असेल तर पाय आपोआप झटके देतात, चटकन् हालविल्यास अधिक ताठरतात. यावर बॅक्लोफेनसारखीं औषधें देतात. तीं आपल्या मनानें एकाएकीं बंद केल्यास आंकडी येण्याचा संभव असतो. तसेंच लघवी अडणें किंवा नकळत होणें, मलावरील ताबा सुटणें, मांड्यांमधील जागा बधिर होणें, पायांतील शक्ति कमी होत जाणें, ताप किंवा जखमेंतून स्राव, एका पोटरीस सूज व वेदना, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. नांदेडजवळ विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें व लातुरास विलासराव देशमुख यांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयासह आहे.

अशी लक्षणें नसतील तर धीर धरावा. 'आज बरें आहे का?' असें दिवसांतून दहा वेळां विचारल्यानें रोग्याचें लक्ष दुखण्यावरच खिळतें. त्यापेक्षां संध्याकाळीं घरांतील एकानें 'चला, देवळापर्यंत जाऊन येऊं,' असें म्हणावें आणि त्याच्या पावलानें चालावें. औषधाइतकीच या सोबतीची गरज असते, आणि ती भरल्या घरांत सहज मिळण्याजोगी आहे.