अडीचशे वॉट पुरेत

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेल्या दोन-चार एमटीबी हवा गेलेल्या टायरवर उभ्या दिसतील. आता त्यांच्या मालकांना नवी हौस आहे, किट बसवून तीच सायकल इलेक्ट्रिक करायची. मी या हौसेच्या बाजूचा आहे. धड चालणारी सायकल भंगारात घालून नवी ई-बाइक घेण्यापेक्षा हे शहाणपणाचंच. फक्त दुकानात बोलणं सुरू होतं ते वॉटवरून, आणि ‘साहेब, पाचशेची टाका, उडेल गाडी’ यावर ते संपतं. पैसे चुकीच्या जागी जातात ते इथेच.

सिंहगडाचा घाट घ्या. डोणज्यापासून वर सुमारे नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. माणूस, सायकल आणि बॅटरी मिळून शंभर किलो वजन धरलं, तर ते वर न्यायला साधारण १६५ वॉट-तास लागतात. ताशी दहा किलोमीटरने गेलात, टायरचं घर्षण मिळवलं, तर सरासरी गरज दोनशे वॉटच्या थोडी पुढे जाते. त्यातले ऐंशी-नव्वद वॉट रोज थोडंफार चालणाऱ्या माणसाचे पायही देतात. मोटरच्या वाट्याला उरतात सव्वाशेच्या आसपास. मधले खडे टप्पे धरूनही अडीचशेच्या आत काम भागतं. मग पाचशेची मोटर कशाला? पॅडल न मारता जायचं असेल, तर सरळ स्कूटर घ्यावी.

कायदाही तेच सांगतो. मोटरची अर्ध्या तासाची क्षमता पाव किलोवॉटच्या आत हवी आणि ताशी पंचविसाला, किंवा पॅडल थांबताच, तिची मदत बंद व्हायला हवी. तरच ती सायकल. त्यापुढे ते मोटार वाहन झालं. नंबर नाही, विमा नाही, आणि अपघात झाला तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

घाट चढायचाच असेल, तर वॉटपेक्षा मोटर कुठे बसते ते बघा. चाकातली हब मोटर स्वस्त, बसवायला सोपी आणि शहरातल्या रस्त्याला उत्तम. पण सव्वीस इंची चाक ताशी पंचविसाला मिनिटाला दोनशे फेरे घेतं, तर घाटात ताशी आठला जेमतेम चौसष्ट. इतक्या मंद गतीत हब मोटर चढण्यापेक्षा तापण्यातच बरीच वीज घालवते. मिड-ड्राइव्ह पॅडलच्या जागी बसते आणि सायकलचे गिअर वापरते, म्हणून चढाला तीच खरी. किंमत जास्त, शिवाय चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात. सिंगल-स्पीड सायकलला मात्र तिचा हा फायदा नाहीच.

हब मोटर बसवणार असाल, तर चाक काढून ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा दांडा बसतो ती फ्रेमची खाच, नीट बघा. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा अ‍ॅक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरू बघतो. अ‍ॅल्युमिनियमची खाच त्याला फार काळ धरत नाही. ती रुंदावली की अ‍ॅक्सल फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटतं. पुढच्या सस्पेन्शन फोर्कमध्ये मोटर म्हणूनच मला मान्य नाही. मागे बसवतानाही स्टीलचा टॉर्क आर्म लावून घ्या. दोन बोटांएवढी ती पट्टी दुकानदार विसरतो, कारण गिऱ्हाईक मागत नाही.

पुढे-मागे शॉकर असलेल्या स्वस्तातल्या ‘डबल शॉकर’ सायकलवर तर किटचा खर्चच करू नये. तिच्या फ्रेममध्ये बॅटरीला जागा नसते, म्हणून ती मागे कॅरिअरवर लटकते. ब्रेक आधीच अपुरे, त्यात सहा-सात किलो वजन वाढतं. डिस्क ब्रेक नसतील, तर आधी ते.

जास्त वॉटच्या मोटरवर न घातलेले पैसे बॅटरीत घाला. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तास. पॅडल मारत राहिलात तर तीसेक किलोमीटरला पुरे. पूर्ण चार्जिंगला अर्धा युनिटही वीज लागत नाही. पण सेल कुठल्या कंपनीचे, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे का, हे विचारल्याशिवाय पॅक घेऊ नका. चार्जर त्याच पॅकचा वापरा, आणि जिन्यात, दाराशी किंवा रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग करू नका. बिलावर मोटरचे वॉट आणि बॅटरीची वॉरंटी लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर दुसरं दुकान बघा.

— चक्रधर