रिमोट तुमच्या गैरहजेरीत चालला पाहिजे

प्रोग्रॅमेबल युनिव्हर्सल रिमोट घ्यायला निघालेला माणूस ठरलेले प्रश्न विचारतो. किती वस्तू चालवतो? टचस्क्रीन आहे का? अॅप आहे का? या सगळ्यांची उत्तरं झकास असूनही रिमोट टाकाऊ असू शकतो. विचारायचे प्रश्न दोनच आहेत. ज्याने हा रिमोट सेट केला, तो माणूस घरात नसताना हा चालेल का? आणि ज्या कंपनीने तो बनवला, तिने उद्या हा धंदा गुंडाळला तर चालेल का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर तो दुकानातच राहू द्या.

पहिला प्रश्न आपल्या घरातला आहे. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, स्टिकचा तिसरा, साउंडबारचा चौथा. त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. घरातलं तरुण मंडळ वैतागतं, ऑनलाइन सेलमध्ये एक ‘स्मार्ट’ रिमोट मागवतं, रविवारची दुपार घालवून सगळं जोडतं आणि सोमवारी सकाळी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला रवाना होतं. मागे राहतात आई, बाबा, आजी. आणि संध्याकाळी फोन येतो : चित्र दिसतंय, आवाज नाही.

आजीला चार रिमोट पाठ होते. लाल बटण कोणतं, आवाज कोणत्या रिमोटने वाढतो, कोणता रिमोट जरा वाकडा धरावा लागतो, हे तिचं ज्ञान होतं. आपण ते एका दुपारी रद्द केलं आणि त्याला ‘सोय’ म्हटलं. आता टीव्ही लावायला तिला नातवाची मीटिंग संपायची वाट बघावी लागते. या वयात माणसाच्या हातातून एकेक गोष्ट सुटत असते : जिना, बँक, रात्रीचं रस्ता ओलांडणं. त्या यादीत टीव्हीची भर आपण का घालायची?

हे होतं का, तर त्याला साधं तांत्रिक कारण आहे. इन्फ्रारेड रिमोट बोलतो, ऐकत नाही. त्याच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा, बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेगाने लुकलुकत, एक सांकेतिक निरोप फेकतो. टीव्हीने तो घेतला की नाही, हे रिमोटला कधीच कळत नाही. तुमच्या महागड्या रिमोटवर ‘टीव्ही बघा’ असं एक बटण असतं. ते ओळीने तीन निरोप पाठवतं : टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू. पण बऱ्याच उपकरणांत चालू आणि बंद यांचा निरोप एकच असतो. मध्येच हात हलला, साउंडबारने निरोप घेतला नाही, की गाडी उलटी धावायला लागते. पुढच्या वेळी तेच बटण दाबलं की साउंडबार चालू आणि टीव्ही बंद. रिमोटला वाटतं, सगळं छान चाललंय.

या खेळात सगळ्यात हुशार होता तो हार्मनी. त्यात कोणती वस्तू चालू असावी, याचा अंदाज रिमोट स्वतः लक्षात ठेवायचा आणि अंदाज चुकला तर त्यावर चक्क ‘हेल्प’ असं बटण होतं. ते दाबलं की तो प्रश्न विचारायचा आणि तुम्ही उत्तरं देत जायची. प्रोजेक्टर, अॅम्प्लिफायर, गेम कन्सोल अशी जय्यत तयारी असलेल्या शौकिनांना तो जीव की प्राण होता आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण टीव्ही लागत नाही म्हणून आधी चष्मा शोधा, मग रिमोटच्या प्रश्नांची उत्तरं द्या, हा उपाय ज्याने रिमोट सेट केला त्याच्यासाठीच सोपा आहे.

दुसरा प्रश्नही हार्मनीनेच शिकवला. लॉजिटेकने ही कंपनी २००४ साली विकत घेतली आणि २०२१च्या एप्रिलमध्ये हार्मनी रिमोट बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांना मदत चालू ठेवू, असंही सांगितलं. पण या रिमोटची मांडणी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, कंपनीकडच्या खात्यातून होते. नवा टीव्ही आणलात तर त्याचे संकेत तिथून आणायचे. म्हणजे रिमोट तुमच्या हातात आणि त्याची स्मरणशक्ती परक्याच्या घरात. २०१८च्या डिसेंबरमध्ये एका अपडेटने हार्मनी हबची अशी एक वाट बंद केली, जिच्यावर अनेकांनी घरातल्या इतर यंत्रणा जोडल्या होत्या. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा ती पुन्हा उघडली. उघडली हे चांगलंच. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी आरडाओरडा करावा लागतो, तेव्हा तिचा मालक कोण, हे विचारायला हवं.

फिलिप्सचा प्रॉन्टो आठवून बघा. १९९८ साली आलेला, टचस्क्रीनवर हवी ती बटणं मांडू देणारा, त्या काळी श्रीमंती थाटाचा रिमोट. २०१० साली फिलिप्सने त्या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्याही आधी, अॅपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह वॉझनिअॅकने १९८७ साली ‘कोअर’ नावाचा शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. पर्सनल कॉम्प्युटर घरोघरी नेणाऱ्या माणसाचा हा रिमोट सामान्य गिऱ्हाइकाला सेट करायला फार किचकट ठरला. कंपन्या रिमोटमधून बाहेर पडतात, हा अपघात नाही, हा नेहमीचा शिरस्ता आहे. तेव्हा खरेदी करतानाच ते गृहीत धरा.

‘रिमोट हवाच कशाला, फोन आहे ना!’ असं तुमच्यापैकी अर्धे म्हणतील. शाओमीच्या कित्येक फोनमध्ये इन्फ्रारेडचा दिवा असतो, हे खरं. पण तो फोन तुमच्याबरोबर घराबाहेर जातो. अॅपवर चालणाऱ्या हबला वाय-फाय लागतं, आणि वीज जाऊन आली की टीव्ही आधी उठतो, राउटर मागाहून. आवाजावर चालणाऱ्या रिमोटचं मात्र मी कौतुक करेन. ज्याला बटणं दिसत नाहीत, त्याला तो खरोखर मोकळं करतो. पण तिथेही आवाज आणि चालू-बंद यांची खरी बटणं असलेलाच घ्या. इंटरनेट बंद पडलं म्हणून टीव्हीचा आवाज कमी करता येऊ नये, यासारखा विनोद नाही.

मग घ्यायचा कोणता? साधा, ‘लर्निंग’ रिमोट. जुना आणि नवा रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, नव्याला शिकायच्या अवस्थेत टाकायचं, जुन्यावरचं बटण दाबायचं. नव्याने ते पाठ केलं. खातं नाही, पासवर्ड नाही. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा तुमच्या तालुक्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, कुठेही जा आणि दुकानदारासमोर दोन गोष्टी करून बघा. एखादं बटण शिकवा, सेल काढा, पाच मिनिटांनी परत घाला. शिकवलेलं टिकलं पाहिजे. आणि सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळणारेच असले पाहिजेत.

याची मर्यादाही सांगतो. फायर टीव्ही स्टिकसारख्या वस्तू ब्लूटूथवर चालतात, तिथे हा रिमोट मुका. त्यावर बिनपैशाचा उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. एचडीएमआय-सीईसी, म्हणजे सॅमसंगचं अॅनिनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक, एलजीचं सिम्पलिंक. ते चालू केलं की टीव्हीच्या रिमोटचे बाण केबलमधून स्टिकपर्यंत पोचतात, आणि ते बाण लर्निंग रिमोटलाही शिकवता येतात. प्रत्येक जोडीत हे सारखं चालत नाही, म्हणून आधी करून बघा. आणि खर्च करण्याआधी घरातला सेट-टॉप बॉक्सचा रिमोटही नीट बघा. अनेकांवर एका कोपऱ्यात टीव्हीसाठी शिकणारी चार-पाच बटणं असतात आणि ती वर्षानुवर्षं कोरी पडलेली असतात.

कोणती बटणं शिकवायची, हे ठरवायचा हक्क तुमचा नाही. जो माणूस त्या टीव्हीसमोर रोज बसतो, त्याला विचारा. एका बटणात एकच काम ठेवा. तीन कामांची साखळी तेव्हाच बांधा, जेव्हा प्रत्येक उपकरणाला चालू आणि बंद यांचे वेगळे निरोप असतील.

सगळं झालं की वाय-फाय बंद करा, स्वतःचा फोन बंद करा आणि तासभर बाहेर फिरून या. परत आल्यावर टीव्ही चालू असेल, आवाज बेताचा असेल आणि तुम्ही आलात याकडे कोणाचं लक्षही नसेल, तर पैसे वसूल. तसं नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत तो रिमोट पाठवून द्या.