चिंबोरीच्या वेदनेची दखल

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. काही खेकडे शंख टाकून बाहेर पडले. पण शंख आवडत्या जातीचा असेल, तर तो सहजी सोडत नव्हते. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेला घराची अशी पारख नसते. इथे यातना आणि निवारा यांचा हिशेब चालला होता.

तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने 2021 मध्ये असे तीनशेहून अधिक अभ्यास तपासले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने खेकडे, कोळंबी, शेवंड, माकूळ यांना संवेदनक्षम मानले. बधिर न करता शेवंड उकळायला स्वित्झर्लंडमध्ये 2018 पासून बंदी आहे.

आपल्याकडे?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो. अन्नासाठी मारण्याची मुभा आहे, अनावश्यक यातनांची नाही. तरीही चिंबोरीच्या नांग्या ती जिवंत असतानाच मोडल्या जातात, हे क्रौर्यच आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला मासळी सोडायला सांगणे अन्यायाचे. झटपट मारण्याची रीत शिकवणे मात्र मत्स्य विभागाला सहज जमण्यासारखे आहे. सुरुवात मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांपासून व्हावी, कारण बधिर करणारी यंत्रे त्यांना परवडतात.